पांढऱ्या फडक्याची परीक्षा

सायकलच्या चेनला मेण लावायचे असेल, तर आधी तिच्यातले तेल पूर्णपणे काढावे लागते. हे वाक्य मी माझ्या नातीला, तन्वीला, इतक्या वेळा ऐकवले आहे की ती आता ते माझ्याच आवाजात म्हणून दाखवते. सोनिवलीच्या आमच्या इमारतीत तिची गिअरची सायकल लिफ्टमधून वर येते आणि बाल्कनीत उलटी उभी राहते. तिच्याजवळ बाटलीतले तयार द्रावण असते, निरनिराळ्या आकाराचे ब्रश असतात, मेणसुद्धा पाकिटातून येते. घाई मात्र आमच्या वेळचीच. "आजी, झाली स्वच्छ. चमकतेय बघ कशी!" मी म्हणते, "चमक बघू नकोस. तेलही चमकतं. फडकं ओढ." मग ती जुन्या बनियनचा पांढरा तुकडा चेनभोवती धरते, पायडल उलटे फिरवते, आणि फडक्यावर राखाडी पट्टा उमटतो. मेण कोरड्या लोखंडाला धरते. तेलावर ते नुसते बसते आणि खपली होऊन गळते. कड्यांच्या पोटात जुने तेल राहिले, तर मेणाला आत शिरायला जागाच नसते. एवढे सगळे मी सांगते, कारण आयुष्यभर विज्ञान शिकवल्यामुळे अर्धवट कारण सांगणे मला जमत नाही. परवा तन्वीने विचारले, "तुला हे कुणी शिकवलं?" "आण्णांनी," मी म्हणाले, आणि तिथेच थांबले. म्हणजे मी तिला अर्धवटच सांगितले.

आण्णा म्हणजे माझे वडील. आम्ही तेव्हा मोरिवलीत राहत होतो. गावाच्या एका अंगाला भातखाचरे आणि दुसऱ्या अंगाला कारखान्यांच्या भिंती, अशी आमच्या वस्तीची स्थिती होती. पहाटे पहिला भोंगा वाजला की आईचा स्टोव्ह सुरू होई. स्टोव्हचा फरफर आवाज, परातीत भाकरी थापल्याचा आवाज, आणि मग अंगणातून आण्णांच्या सायकलची करकर. ही करकर वस्तीला ओळखीची होती. कारखान्यांतून येणारी बारीक पूड सायकलच्या तेलकट चेनवर बसे आणि तिचा काळा लगदा होई. आण्णा त्यावर पुन्हा तेल घालत. लगदा वाढे. आण्णांच्या सगळ्या विजारींच्या उजव्या पायावर, घोट्याच्या वर, एक काळी रेघ कायमची होती. आई तिला "कारखान्याचा शिक्का" म्हणत असे.

एरवी या शिक्क्याचे कुणाला काही वाटत नसे, पण पौर्णिमेला वाटे. पौर्णिमेला आम्ही सारे पांढरे कपडे घालून अंबरनाथ पूर्वेच्या विहारात वंदनेला जात असू. आईची पांढरी साडी महिनाभर ट्रंकेत डांबराच्या गोळ्यांबरोबर राहत असे, ती त्या दिवशी बाहेर येई. आण्णांची पांढरी विजारही तशीच. इतक्या जपणुकीची ती विजार विहारापर्यंत पोचेतो घोट्याशी काळी झालेली असे, आणि आण्णा पुरुषांच्या रांगेत बसताना उजवा पाय मांडीखाली दडपून बसत. मला ते दिसे. वंदना संपेपर्यंत त्यांचा पाय बधिर होऊन जाई, पण ते तो बाहेर काढत नसत.

मी शाळेत असताना एका वर्षी वैशाखी पौर्णिमेच्या कार्यक्रमात वंदना म्हणण्याचा मान मला मिळाला. आधी एकाने म्हणायचे आणि मागून सर्वांनी, अशी पद्धत होती. आजवर हे काम मोठी माणसे करीत. महिला मंडळाच्या सुमनमावशी, ज्यांच्या आवाजाला माईक लागत नसे, त्यांनी आईला सांगितले, "यंदा नंदा म्हणेल. पोरीचे उच्चार स्वच्छ आहेत." त्या दिवसापासून घरात दुसरा विषय राहिला नाही. मी भांडी घासताना म्हणत असे, पाणी भरताना म्हणत असे. मी चुकले की आई नुसती भुवई उचले. शेजारच्या कुसुमवहिनीने, म्हणजे शेजारघरी नव्याने आलेल्या सुनेने, आपली पांढरी साडी मला नेसायला देऊ केली. तिच्या माहेरची ती साडी होती, बारीक काठाची. "तुझ्या आईची तुला लांब होईल. माझी घे. आणि नेसवून पण मीच देते, नाहीतर पहिल्याच ओळीला निऱ्या सुटायच्या," ती म्हणाली.

आणि मग आण्णांनी ठरवले की त्या साडीला चेनचे काळे बोट लागता कामा नये. मी त्यांच्या कॅरिअरवर बसून जाणार होते. चेनला तेलाऐवजी मेण लावले तर चेन कोरडी राहते आणि कपड्यांना काही लागत नाही, हे त्यांनी कुठेतरी ऐकले होते. मेणाचा प्रश्न नव्हता. विहारात पेटलेल्या मेणबत्त्यांचे सांडलेले मेण आई खरवडून आणत असे आणि त्याच्या पुन्हा मेणबत्त्या करीत असे. तिने आधी डबा द्यायला नकार दिला. "वंदनेचं मेण चेनला फासायचं?" आण्णा म्हणाले, "उजेड देऊन झाला त्याचा. आता जरा वाट कापू दे." आई हसली आणि डबा निघाला. रॉकेलवर मात्र भांडण झाले. रॉकेल रेशनचे, त्यावर खीर शिजायची होती. वैशाखी पौर्णिमेची खीर आई तांदळाची करी, नारळाचे दूध घालून, आणि ती मंद आचेवर फार वेळ शिजवावी लागे. "एक तर चेन धुवा, नाहीतर खीर खा," ती म्हणाली. आण्णांनी कुणाकडून तरी बाटली उसनी आणली आणि वाद मिटला.

चेन उघडण्यासाठी तिची जोडकडी काढावी लागते. आमची गंजून मोडली, म्हणून नवी घ्यायला आण्णा मला घेऊन उल्हासनगरला गेले. सुट्या भागांच्या दुकानातल्या सिंधी शेठने कडी दिली आणि सहज विचारले, "तेल दूँ साथ में?" आण्णा अभिमानाने म्हणाले, "नको. मेण लावणार आहे." शेठने चष्म्यावरून पाहिले. "मोम? साईं, चेन को तेल लगता है. मोम तो दिये में लगता है. शादी है क्या चेन की?" दुकानातली दोन-चार माणसे हसली. आण्णाही हसले. "शादी नाही शेठ, वंदना आहे. पोरगी म्हणणार आहे." शेठने माझ्याकडे पाहिले आणि कडी कागदात नीट गुंडाळून माझ्या हातात दिली.

पौर्णिमेच्या सकाळी अंगणात काम सुरू झाले. आण्णांनी चेन पत्र्याच्या डब्यात गुंडाळून ठेवली आणि तिच्यावर रॉकेल ओतले. मी दात घासण्याच्या जुन्या ब्रशाने एकेक कडी घासत होते. पहिले रॉकेल डांबरासारखे काळे झाले. ते ओतून दुसरे घातले, ते गडद तपकिरी झाले. तिसऱ्यात लगदा उरला नव्हता, पण रंग आला तो विटकरी. ही गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे. चेनवरचा लगदा काळा असतो, पण तो निघून गेला की त्याच्याखाली दडलेला गंज सुटू लागतो, आणि रॉकेलला तांबूस रंग येतो. आण्णांनी ती ओली चेन निथळण्यासाठी भिंतीच्या खिळ्याला टांगली आणि खाली सायकल टेकवून पुढच्या दातेरी चाकाचे व मागच्या फ्रीव्हीलचे दात पुसायला घेतले. चेन धुतली आणि दात तसेच ठेवले, तर पहिल्याच फेऱ्यात सगळी घाण चेनवर परत येते. ते खाली वाकून एकेक दात फडक्याने पुसत होते. वर खिळ्यावरून चेन थेंब थेंब निथळत होती. कॅरिअरवर आईने माझ्यासाठी गोणपाटाची जाड घडी बांधून ठेवली होती. थेंब त्या घडीवर पडत होते, आणि गोणपाट ते निमूटपणे पीत होते. आमच्यापैकी कुणीही वर पाहिले नाही.

नंतर धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यात चेन बुडवली, म्हणजे रॉकेलचा पुसट थरही निघून जावा. मग ती उन्हात वाळवली. आण्णांनी पांढरे फडके तिच्यावरून दोनदा ओढून पाहिले, पहिल्यांदा डाग दिसला तेव्हा पुन्हा धुतली, आणि फडके पांढरे राहिले तेव्हाच मेण वितळवायला ठेवले. मेण थेट आचेवर ठेवू नये. मोठ्या पातेल्यात पाणी आणि त्यात मेणाचा डबा, असे ते ठेवावे. वितळलेल्या मेणात चेन सोडली तेव्हा कड्यांतून बुडबुडे येऊ लागले. "आतली हवा बाहेर येतेय. बुडबुडे थांबले की समजायचं, मेण आत पोचलं," आण्णा म्हणाले. शेजारी खिरीला उकळी फुटत होती. वेलदोडा, रॉकेल आणि मेण या तिन्हींचा मिळून एक वास घरात भरला होता. त्या वासात राहून आमची नाके त्याला इतकी सरावली की पुढे कॅरिअरला रॉकेलचा वास येतो आहे, हे कुणाच्या लक्षातच आले नाही.

दुपारी कुसुमवहिनीने मला साडी नेसवली. ती नेहमी बडबडी, पण त्या दिवशी जरा गप्प होती. मी म्हणाले, "वहिनी, तू पहिल्या रांगेत बस हं. तुझ्याकडे बघून म्हणेन मी." पिना तोंडात धरून ती म्हणाली, "मी आज मागंच बसेन गं. दाराशी वारा येतो." मला ते कारण पुरेसे वाटले. मग ती, आई आणि इतर बायका सजावटीसाठी चालत पुढे गेल्या, आणि ऊन उतरल्यावर आण्णा व मी सायकलवरून निघालो. करकर थांबली होती. सायकल इतकी मुकी झाली होती की वस्तीतला एकजण म्हणाला, "आण्णा, नवी घेतली काय?"

विहार भरलेला होता. मी गर्दीतून थेट पुढे जाऊन आईशेजारी सतरंजीवर बसले. नाव पुकारल्यावर उठले, मूर्तीसमोर गेले आणि हात जोडले. मागे कुजबुज सुरू झाली. आधी बायकांच्या बाजूला, मग ती थांबली, आणि ते थांबणे अधिक वाईट होते. सुमनमावशी लगबगीने माझ्यामागे येऊन उभ्या राहिल्या, मला सर्वांपासून झाकल्यासारख्या.

"नंदा, थांब जरा," त्या दबक्या आवाजात म्हणाल्या. त्यांचा दबका आवाजसुद्धा तिसऱ्या रांगेपर्यंत जाई. "मागनं लागलंय गं साडीला. कळलं नाही का तुला?"

"काय लागलंय?"

"अगं, काय म्हणजे? जा, दाराशी कुसुमजवळ बस. पुढच्या पौर्णिमेला म्हण. त्यात काय एवढं."

मी पदर आवरून मागचा घोळ पुढे ओढला. तळहाताएवढा डाग होता, विटकरी, कडेला पिवळट. मी तो रंग तत्क्षणी ओळखला. सकाळी तिसऱ्या डब्यात मी तो पाहिला होता.

येथे मला एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्या घरात विटाळ पाळत नसत. आजीच्या काळी पाळत; धर्मांतरानंतर आईने ते सगळे घराबाहेर काढले होते, आणि त्या दिवसांतही ती स्टोव्हशी बसे, पाणी भरे. मी वर्गातल्या मैत्रिणींना मोठ्या तोऱ्याने सांगत असे, "आमच्यात असलं काही नसतं." विहारातही तसा काही नियम नव्हता. कुणी कुणाला मागे बसायला सांगत नसे. तरीही काही बायका काही पौर्णिमांना आपणहून दारापाशी बसत आणि त्याबद्दल कुणी बोलत नसे. हे मला ठाऊक होते की नव्हते, हे मी आजही खात्रीने सांगू शकत नाही.

मी त्या क्षणी काय केले ते मात्र स्पष्ट आठवते. मी ओरडले. ज्या स्वच्छ उच्चारांसाठी मला निवडले होते, त्याच उच्चारांत मी ओरडले, "मावशी, ते तसलं घाण काही नाही! चेनचं तेल आहे ते! रॉकेल आहे! वास घ्या पाहिजे तर!" आणि साडीचा तो भाग मुठीत धरून मी त्यांच्यापुढे केला.

सुमनमावशींनी खरोखरच वाकून वास घेतला. "अगंबाई, रॉकेलच की हे!" त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. पुरुषांच्या बाजूला आण्णा हात जोडून उभे राहिले. "चूक माझी. चेन टांगली होती, ती ठिबकली असणार." कुणीतरी मागून म्हणाले, "आण्णा, पोरीला पण ओव्हरहॉलिंगला टाकली होती काय?" आणि सगळा विहार हसला. तो हसणारा विहार मला इतका प्रेमळ वाटला म्हणून सांगू! मीही हसले. मावशी पाठीवर थाप मारून म्हणाल्या, "मग काय! म्हण की. काही हरकत नाही."

मग काय. काही हरकत नाही. मी पुन्हा हात जोडले. तेवढ्यात आई पहिल्या रांगेतून उठली. मला वाटले, ती माझ्याकडे येते आहे. पण ती बायकांच्या गुडघ्यांमधून वाट काढत पार मागे गेली आणि दारापाशी कुसुमवहिनीच्या शेजारी बसली. वहिनी खाली मान घालून सतरंजीच्या दशा पिळत होती. मी वंदना म्हटली. एकही चूक झाली नाही. शेवटी सर्वांनी संमतीदाखल तीनदा 'साधू' म्हटले, तेव्हा आईचा आवाज मला नेहमीच्या जागेवरून नाही, दारातून ऐकू आला.

खीर वाटली जात होती तेव्हा कुसुमवहिनी नव्हती. आईने तिच्या वाट्याची खीर डब्यात भरून घेतली. परतताना आण्णांनी गोणपाट काढून टाकले आणि स्वतःचा टॉवेल घडी करून कॅरिअरवर ठेवला. वाटभर ते सरळ पुढे बघत पायडल मारत राहिले. चेनची करकर असती तर बरे झाले असते, असे मला पहिल्यांदाच वाटले. घराशी उतरताना मी त्यांच्या विजारीकडे पाहिले. ती घोट्यापर्यंत पांढरी होती.

दुसऱ्या दिवशी मी साडी धुवायला बसले. तेलाचा डाग आधी रॉकेलने सोडवावा, मग सोड्याने धुवावा. आणि गंजाला लिंबू-मीठ चोळून उन्हात ठेवावे. मी सगळे क्रमाने केले. आई उंबऱ्यात बसून तांदूळ निवडत होती.

"डाग कशाचा ते तू बरोबर सांगितलंस," ती सुपातून वर न बघता म्हणाली. "त्याबद्दल माझं काही नाही."

"मग कशाबद्दल आहे?"

"तसलं घाण, म्हणालीस."

मी चोळत राहिले.

"कुसुमची पाळी होती काल. सकाळी उठली तीच कंबर धरून. तरी आली, तुला साडी नेसवली, एवढी चालत आली." तिने खडा काढून अंगणात टाकला. "आता मला सांग. शाळेत जातेस, वंदना पाठ आहे, तू सांग. ते रॉकेल नसतं, तर वंदना अडली असती का?"

तिने रागाने विचारले असते तर मी काहीतरी उत्तर दिले असते. ती खरेच विचारत होती. मूर्तीसमोर मावशींनी वास घेतला तेव्हा मला केवढी सुटका वाटली होती, ते आता आठवले. मी डागावर आणखी मीठ घातले. तन्वी परवा जेवणाच्या टेबलावर आपल्या बापाला म्हणाली, "बाबा, माझी पाळी आलीये, येताना पॅड आणा." तो बरं म्हणाला आणि आमटी वाढून घेतली. मी मात्र क्षणभर दाराकडे पाहिले, कुणी ऐकले तर नाही ना म्हणून. त्या तोऱ्याने बोलणाऱ्या मुलीचे वय आता एवढे झाले आहे, तरी.

साडी वाळल्यावर तिच्यावर एक पिवळी छटा राहिलीच. मी ती घडी करून कुसुमवहिनीकडे नेली. तिने उलगडून पाहिली, उजेडात धरली आणि म्हणाली, "जाऊ दे. निऱ्यांत जाईल."

"वहिनी, मी काल..."

"खीर गोड झाली होती," ती म्हणाली आणि साडी ट्रंकेत ठेवून दिली.

पुढच्या पौर्णिमेला मावशींनी पुन्हा मलाच सांगितले. साडीही वहिनीनेच आणून नेसवली, डाग आतल्या निऱ्यांत येईल अशी. पण त्या दिवशी सकाळीच मला पाळी आली होती. विहारात गेल्यावर माझे पाय आपणहून दारापाशी थांबले. कुसुमवहिनी तिथेच बसली होती. त्या पौर्णिमेनंतर ती पुढे कधी बसलीच नाही, पाळी असो वा नसो. मी तिच्याशेजारी बसले आणि कानात सांगितले. तिने माझ्याकडे पाहिले. ती हसली, पण ते हसणे मला बघवले नाही.

"मग?" ती म्हणाली. "आज नाही का ओरडायचं?"

पुढून मावशींची हाक आली, "नंदा, ये गं, सगळे थांबलेत!" मी उठले. निऱ्या नीट होत्या, साडी पांढरी होती. कुणी वास घेतला नाही, कुणी काही विचारले नाही. मी मूर्तीसमोर हात जोडले आणि कुणालाही काहीही न सांगता, अगदी स्वच्छ उच्चारांत, वंदना म्हटली.